हातात की हवेत

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाईने बास्केटबॉलची रेफरी होऊ नये. निकाल विरुद्ध गेला की प्रेक्षकांतून कुणीतरी 'रेफरीला चष्मा द्या' म्हणून ओरडतंच. हिच्या बाबतीत दुसरा कुणीतरी लगेच पुरवणी जोडायचा, 'द्यायचा कशाला, तिच्याकडे भिंतभर लावलेत.' बाईने हे इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते तिच्या अंगाला लागत नसे. उलट असं ओरडणाऱ्यांपैकी दोघंतिघं पुढे दुकानात आले होते आणि त्यांनाच नंबर निघाला होता, याचं तिला मनातून फार समाधान होतं.

दुकान अरुंद. पुढे काचेचं काउंटर, मागे पडदा, आणि पडद्याआड नजर तपासायची खुर्ची. त्या खुर्चीत बसलं की भल्याभल्यांना परीक्षेला बसल्यासारखं होतं. तक्त्यावरची खालची ओळ दिसत नसली तरी ठोकून देतात. 'ग' असेल तिथे 'म' म्हणतात, 'म' असेल तिथे 'भ', आणि वर मान वळवून विचारतात, 'बरोबर ना?' त्यांच्यासाठी बाईचं एक ठरलेलं वाक्य होतं. 'अंदाजाने सांगू नका. दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, त्यात लाज कसली?' हे वाक्य ती इतक्या वेळा म्हणे की तिच्या नवऱ्याने ते झोपेतही ऐकलं होतं.

रेफरींच्या वर्गात मात्र नेमकं उलटं शिकवलं होतं. शिकवणारे गृहस्थ पुढे स्पर्धांचे निरीक्षक झाले. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, 'कोर्टावर "मला दिसलं नाही" हे शब्द विसरायचे. शिट्टी वाजवली म्हणजे दिसलं. नसलं दिसलं तरी दिसलं.' बाईने दोन्ही नियम आपापल्या जागी ठेवले होते, एक पडद्याआड आणि एक कोर्टावर, आणि इतकी वर्षं त्यांची एकमेकांशी गाठ पडली नव्हती.

त्या वर्षी गावातल्या कामगारांच्या स्पर्धेत फायनलला बेकरी आणि बस डेपो समोरासमोर आले आणि बाई पेचात पडली. बेकरीच्या संघात तिचा धाकटा दीर होता, भट्टीवर काम करणारा, गोडबोल्या आणि अंगात एकही सरळ हाड नसलेला. डेपोच्या संघात तिचा सख्खा भाऊ होता, बसची इंजिनं उघडणारा मेकॅनिक, ज्याला कुठलीच गोष्ट वेळेवर जमत नसे कारण तो वेळेच्या आधीच पोचलेला असे. म्हणजे मॅच बेकरी विरुद्ध डेपो अशी नव्हतीच. ती सासर विरुद्ध माहेर अशी होती. बाई स्वतःहून स्पर्धेच्या चिटणीसांकडे गेली आणि म्हणाली, मला यातून वगळा.

'दोन्हीकडे एकेक नातेवाईक आहे ना?' चिटणीस म्हणाले. 'मग झाली की वजाबाकी.' शिवाय त्यांच्याकडे दुसरं कुणी नव्हतं.

वगळा म्हणाली खरी, पण नाही वगळलं म्हणून ती आतून हरखली होती. त्या दिवशी निरीक्षक येणार होते. वरच्या श्रेणीचा बिल्ला द्यायचा की नाही हे ते एका मॅचवरून ठरवत. बिल्ला नसल्यामुळे बाईच्या वाट्याला वर्षानुवर्षं लहान मुलांच्या मॅचेस येत होत्या, ज्यात रेफरीचा अर्धा वेळ बुटांच्या नाड्या बांधण्यात आणि उरलेला 'माझी आई कुठाय' याचं उत्तर देण्यात जातो. तिला खऱ्या, घाम गाळणाऱ्या, शिव्या देणाऱ्या मोठ्या माणसांच्या मॅचेस हव्या होत्या. आजची मॅच बिनबोभाट पार पडली तर बिल्ला, नाहीतर पुन्हा नाड्या.

सकाळी चहाच्या वेळी दीर तिच्याशेजारी येऊन बसला. 'वहिनी, फ्री थ्रोच्या वेळी शिट्टी तुझ्या तोंडातच असते ना गं?'

'असते. दातांत धरलेली.'

'आणि समज, चुकून वाजली तर?'

बाईला भरून आलं. या घरात नियमांबद्दल आजवर कुणी चकार शब्द विचारला नव्हता. तिने नीट समजावून सांगितलं. शिट्टी वाजली तेव्हा चेंडू फेकणाऱ्याच्या हातात असला तर तो फ्री थ्रो झालाच नाही असं धरायचं आणि पुन्हा टाकायला द्यायचं. चेंडू हातातून सुटून हवेत गेलेला असला तर मात्र शिट्टीला विचारायचं नाही. आत गेला तर गुण, नाही गेला तर गेला. 'हातात की हवेत, एवढाच प्रश्न,' ती म्हणाली. दीर पाव बुडवून बुडवून खात ऐकत होता. कौतुकाने तिने त्याला अर्धा कप जास्त ओतला.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. सासूबाई बेकरीच्या बाजूला बसल्या, आई डेपोच्या. नवरा बरोबर मधल्या रांगेत, बरोबर मधल्या खुर्चीवर बसला आणि ज्याला त्याला सांगत सुटला की मी कुणाच्याच बाजूचा नाही. निरीक्षक टेबलामागे हाताची घडी घालून बसले होते. ते सारखे डोळे बारीक करून बघत होते, त्यामुळे फारच करडे वाटत होते. दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या बाईने माणूस डोळे बारीक का करतो याचा जरा वेगळा विचार करायला हवा होता, पण बिल्ल्याच्या आशेने तिचं तेवढंच ज्ञान नेमकं सुट्टीवर गेलं होतं.

मॅच मात्र तिने डोळ्यांत तेल घालून सांभाळली. जोडीला दुसरा रेफरी होता भूगोलाचा मास्तर, उंच, शांत आणि सांगितलं तेवढंच करणारा. शेवटचे काही क्षण उरले तेव्हा डेपो एका गुणाने पुढे होता, आणि तेवढ्यात डेपोच्या एकाने बास्केटखाली दिराला आडवं पाडलं. दोन फ्री थ्रो. पहिला आत. बरोबरी झाली.

दुसरा म्हणजे दिराचं कायमचं दुखणं होतं. पहिला टाकायचा आणि दुसरा घालवायचा, हे बेकरीतल्या सगळ्यांना पाठ होतं. बाईने चेंडू त्याच्या हातात दिला आणि बाजूला उभी राहिली. वाटणी ठरलेली होती. बाईने फेकणाऱ्याचे हात बघायचे, मास्तरने दोन्ही बाजूंना रांगेत उभे असलेल्यांचे पाय बघायचे, कारण चेंडू हातातून सुटेपर्यंत त्यांना आतल्या पट्ट्यात पाऊल टाकायची मुभा नसते. दिराने चेंडू काखेत धरला, चड्डीच्या खिशात हात घातला आणि घाम पुसल्यासारखे तळवे एकमेकांवर आपटले. नेमके तिच्या बाजूला वळून.

बाईच्या नाकात काहीतरी हुळहुळलं. तिने ते दाबलं. दाबलेली शिंक दुप्पट होऊन येते. शिट्टी दातांत होती.

असा आवाज त्या हॉलमध्ये पूर्वी कुणी ऐकला नव्हता. शिट्टीही होती, शिंकही होती, आणि शेवटी थोडा पक्षीही होता. आणि शिंकताना माणसाचे डोळे मिटतात, याला रेफरीसुद्धा अपवाद नाही. बाईने डोळे उघडले तेव्हा चेंडू रिंगखाली जमिनीवर उड्या मारत होता, आत गेलेला नव्हता, आणि सगळे खेळाडू तिच्याकडे बघत जागच्या जागी खिळले होते. एरवी काही बिनसलं की आपण विचारतो, माशी कुठे शिंकली. इथे शोधायचं काहीच नव्हतं.

'हातात होता,' दीर ताबडतोब म्हणाला. त्याच्यामागे अख्खी बेकरी म्हणाली, 'हातात.'

'हवेत होता, ताई,' भाऊ म्हणाला.

'कोर्टावर ताई नाही.'

'बरं, रेफरी. हवेत होता, ताई.'

अख्खा डेपो 'हवेत' म्हणू लागला. प्रेक्षकांनी तेच उचललं. एका बाजूने 'हातात', दुसऱ्या बाजूने 'हवेत', आणि त्यात सासूबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर. बाई मास्तरकडे गेली. 'काय दिसलं?'

'मी पाय बघत होतो,' मास्तर म्हणाला. 'हात तुमचे होते.'

टेबलापाशी वेळ मोजणारा माणूस घड्याळ बघत होता. मधल्या खुर्चीतल्या नवऱ्याने तर आपल्याला कुणाची तरी बाजू घ्यावी लागेल या भीतीने फ्री थ्रोच्या आधीच डोळे मिटून घेतले होते. म्हणजे हॉलभर माणसं होती, पण ज्यांना दिसलं होतं त्या सगळ्यांना आपापल्या सोयीचं दिसलं होतं.

आता बाईने काय करायचं होतं? काहीच अवघड नव्हतं. ताठ उभं राहायचं, हात वर करायचा आणि खणखणीत आवाजात एक शब्द म्हणायचा, हातात किंवा हवेत. दोन्हींपैकी कुठलाही चालला असता. वर्गात हेच तर शिकवलं होतं, आणि शिकवणारे समोर डोळे बारीक करून बसले होते. तिने हात अर्धा वर केलाही. तेवढ्यात बेकरीचा एकजण पुढे येऊन म्हणाला, 'हातातच होता, बरोबर ना?' त्याचा तो 'बरोबर ना' तिने ओळखला. खुर्चीत बसून 'ग'ला 'म' म्हणणारे अगदी याच सुरात विचारतात.

'मला दिसलं नाही,' बाई म्हणाली.

मग जे हसू फुटलं ते छताला लागलं. 'चष्मा', 'चष्मा' असा गजर झाला, कुणीतरी दुकानाचा पत्ताही ओरडून सांगितला. बाईचे कान तापले. निरीक्षक खुर्चीत पुढे सरकून बसलेले तिला दिसले आणि ती समजून चुकली की बिल्ला गेला. फार वाईट वाटलं तिला, अगदी रडू येण्याइतकं. पण गेलाच आहे तर आता घाबरायचं कशाला, असंही वाटलं, आणि त्या दुसऱ्या वाटण्याने तिचं डोकं एकदम साफ झालं.

'मास्तर,' ती म्हणाली, 'मला हात दिसले नाहीत. तुम्हाला पाय दिसले. शिट्टी वाजली तेव्हा या मेकॅनिकचे पाय कुठे होते?'

'रेषेबाहेर. टाचा टेकलेल्या.'

बाई भावाकडे वळली. 'चेंडू हवेत होता म्हणतोस. मग तू झेपावला का नाहीस? सगळा सीझन तू चेंडू सुटताक्षणी आत घुसतोस.'

'शिट्टी वाजली म्हणून थांबलो,' भाऊ ताठ्यात म्हणाला.

'म्हणजे शिट्टी वाजली तेव्हा तू अजून निघालाच नव्हतास. आणि तू निघाला नव्हतास म्हणजे चेंडू सुटला नव्हता. का तू झोपला होतास?'

भावाने आपल्या संघाकडे पाहिलं. संघ त्याच्याकडे पाहत होता. झोपलो होतो म्हणावं तर घरी जाणं कठीण होतं.

'चेंडू हातात होता. पुन्हा टाकायचा,' बाईने निकाल दिला. बेकरीने जल्लोष केला. माहेरच्या बाजूने आईने तोंडाला पदर लावलेला तिला दिसला.

दीर पुढे आला, आनंदाने तळवे चोळत, आणि बाईच्या नाकात पुन्हा तेच हुळहुळलं. या वेळी तिने आधी शिट्टी तोंडातून काढली. मग शिंकली. मग शांतपणे दिराकडे बघत राहिली. असं एका झटक्यात नाक फक्त एकाच गोष्टीने चाळवायचं. त्या गोष्टीपायी घरी दिराचा अ‍ॅप्रन उंबऱ्याच्या आत येत नसे.

'खिसा उलटा कर.'

'कशाला, वहिनी? आपलं घामासाठी थोडं...'

'कोर्टावर वहिनी नाही. खिसा.'

खिसा उलटा झाला आणि कोर्टावर मैद्याची चिमुकली टेकडी उभी राहिली. बाईला सकाळचा चहा आठवला, शिट्टी तोंडातच असते ना, आणि चुकून वाजली तर, आणि वर ओतलेला तो अर्धा कप आठवला. लबाडी तशी पाहता मोठी नामी होती. वहिनी शिंकली आणि चेंडू आत गेला, तर हवेत होता म्हणायचं. बाहेर गेला, तर हातात होता. रेफरीच्या डोळ्यांत धूळ फेकणारे तिने बरेच पाहिले होते, पण नाकात मैदा फेकणारा घरातच निघावा याची तिला कमाल वाटली. संतापाने तिचा आवाज उलट खाली आला.

'टेक्निकल फाउल,' ती म्हणाली. 'आधी डेपोला एक फ्री थ्रो. मग तुझा. तोवर जा आणि हात धुऊन ये. साबणाने.'

डेपोतर्फे अर्थातच भाऊ पुढे आला. सासूबाई काय म्हणाल्या ते गोंगाटात ऐकू आलं नाही, हे बरंच झालं. भावाने चेंडू घेतला आणि टाकला, सुरेख, रिंगला न लागता थेट जाळीत. डेपो नाचू लागला. बाईने हात आडवा फिरवला.

'गुण नाही. चेंडू रिंगपर्यंत पोचायच्या आत तुझा पाय रेषेवर.'

'ताई!'

'हे मात्र मला दिसलं,' बाई म्हणाली.

मग दीर आला, ओले हात चड्डीला पुसत. मैद्याविना, इन्शुरन्सविना, सगळ्या हॉलचे डोळे आपल्यावर रोखलेले असताना त्याने चेंडू टाकला. तो ना रिंगला लागला ना बोर्डला. खाली उभ्या असलेल्या आपल्याच माणसाच्या डोक्यावर पडला. मॅच जादा वेळेत गेली आणि डेपोच्या एका कंडक्टरने, ज्याचं बाईशी लांबून लांबूनही नातं नव्हतं, ती जिंकून दिली.

घरी सासूबाई म्हणाल्या, 'ओढ शेवटी माहेराचीच.' आईचा फोन आला, 'दिलास ना त्याला पुन्हा टाकायला? सासरची झालीस गं.' भाऊ बोलेना, दीर समोर येईना. दोन्हीकडून सारखीच बोलणी बसली, म्हणजे चिटणीसांची वजाबाकी बरोबर आली, असं नवरा म्हणाला, आणि त्या रात्री त्याला कुणी वाढलं नाही.

बाईला या सगळ्याचं एवढं वाटत नव्हतं. तिला बिल्ल्याचं वाटत होतं. पुढच्या आठवड्यात मुलांच्या दोन मॅचेस तिच्या नावावर लागल्याही होत्या.

मॅचनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी निरीक्षक दुकानात आले. बाई उभी राहिली. समजूत घालायला आले असणार, तिला वाटलं. पण ते म्हणाले, 'नजर तपासायची होती.'

ती त्यांना पडद्याआड घेऊन गेली. ते खुर्चीत ताठ बसले आणि खालून तिसरी ओळ धडाधड वाचून मोकळे झाले. त्यांनी वाचलेलं एकही अक्षर त्या ओळीत नव्हतं. दोन तर तक्त्यावरच नव्हती.

'बरोबर ना?' ते म्हणाले.

बाईला तोंडातलं वाक्य गिळता आलं असतं. समोर निरीक्षक होते. पण सवय ती सवय. 'अंदाजाने सांगू नका,' ती म्हणाली. 'दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, त्यात लाज कसली?'

निरीक्षक बराच वेळ तक्त्याकडे डोळे बारीक करून बघत राहिले. 'दिसत नाही,' ते शेवटी म्हणाले. 'वरचीही नाही.'

'मग परवाची मॅच?'

'ऐकली. हल्ली मी ऐकूनच चालवतो. ओरडा कुठल्या बाजूने येतो त्यावरून कळतं.' ते खुर्चीतच जरा सैल झाले. 'शिट्टी ऐकली, शिंक ऐकली. सगळे हातात, हवेत ओरडत होते आणि मी आपला मान हलवत होतो, जणू मला ठाऊकच आहे. मग तुम्ही म्हणालात, दिसलं नाही. म्हटलं, अरे, हे असं म्हणता येतं तर. आणि म्हटल्यावरसुद्धा मॅच पुढे चालते.'

तिने त्यांच्या डोळ्यांपुढे एकेक काच बदलत नंबर काढला, आणि तो निघालाही चांगला दणदणीत. पडद्याबाहेर आल्यावर निरीक्षकांनी कोटाच्या खिशातून बिल्ला काढला. 'हा तुमचा. त्याच दिवशी द्यायचा होता, पण तुम्ही नेमक्या कुठे उभ्या होतात ते मला कळेना.' त्यांनी तो अंदाजाने पुढे केला, तिच्यापासून वीतभर डावीकडे. तिने हात तिकडे नेला.

तेवढ्यात दार उघडलं. दीर होता, हातात केकचा खोका, चेहऱ्यावर पश्चात्ताप, आणि अंगात कामावरचा अ‍ॅप्रन, जो त्याने आत येताना सवयीने झटकला.

बाई शिंकली. कुठेतरी टण्ण असा आवाज झाला. डोळे उघडले तेव्हा बिल्ला निरीक्षकांच्या हातात नव्हता, आणि तिच्याही नव्हता.

'तुम्ही शिंकलात तेव्हा तो माझ्या हातात होता की हवेत?' निरीक्षकांनी विचारलं.

'मला दिसलं नाही.'

'मला तर नाहीच.'

'मला दिसलं,' दीर उत्साहाने म्हणाला.

'तू गप्प बस,' दोघंही एकदम म्हणाली, आणि तो निमूटपणे गुडघ्यांवर बसून काउंटरखाली बिल्ला शोधू लागला. सापडला तेव्हा अ‍ॅप्रनला पुसायला निघाला होता, पण वहिनीची नजर बघून तसाच निरीक्षकांच्या हातात दिला.

'हातात होता असं धरू,' बाई म्हणाली. 'पुन्हा द्या. या वेळी मी डोळे उघडे ठेवते.'